वीणेचा पहारा

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांचे हेतू निरनिराळे असतात. कोणी नवस फेडावयास येतो, कोणी नवे वाहन घेऊन येतो, कोणी लग्नाची पहिली पत्रिका श्रीचरणी ठेवावयास येतो. या सर्वांबरोबर आणखी एक भाविक कोणत्याही देवळात दिसतो. दर्शन झाल्यावर तो लगेच निघत नाही. सभामंडपाच्या खांबाला टेकून अर्धा-पाऊण तास नुसता बसून राहतो. बहुधा ती एखादी गृहिणी असते. शेजारी भाजीची पिशवी असते. मध्येच ती घड्याळाकडे पाहते, पण उठत नाही. तिने देवाजवळ काही मागितले असेल असे तिच्या चेहऱ्यावरून वाटत नाही. कोणी काही विचारणार नाही अशा जागी थोडा वेळ बसावयास मिळावे, एवढ्यासाठीच ती आलेली असते.

तिच्या घरची परिस्थिती काय असू शकते, याची कल्पना करणे अवघड नाही. घरात वृद्ध सासूबाई आहेत. त्यांची स्मृती दिवसेंदिवस क्षीण होत चालली आहे. एकच प्रश्न त्या तासाभरात दहा वेळा विचारतात आणि रात्री कडी काढून बाहेर जाऊ पाहतात. यजमानांची दुसरी पाळी असते. मुलाचे दहावीचे वर्ष आहे. नळाला पाणी पहाटे पाचला येते, आणि तेही दिवसाआड. गॅसची नोंदणी, शाळेची सभा, नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी द्यावयाचा हयातीचा दाखला, माहेरच्या लग्नाचा आहेर. यांतील एकही गोष्ट संकट म्हणून चारचौघांत सांगण्याजोगी नाही. सांगितलीच तर, "अहो, हे कोणाच्या घरी नाही?" असे उत्तर येते, आणि ते उत्तर खोटेही नसते. परंतु या सर्व गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर, एकाच दिवशी, आणि दररोज येऊन पडतात, तेव्हा एखाद्या सकाळी ते माणूस ओट्यापाशी उभे राहते आणि पहिले कोणते काम हाती घ्यावे हेच त्यास सुचेनासे होते.

अशा माणसाने मदत मागावी काय? प्रश्न साधा दिसतो, पण त्यात नीतीचा एक अवघड पेच दडलेला आहे. आपला भार आपण वाहावा, हीच आपल्याकडे सद्गुणाची खूण मानली गेली आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण प्रत्येक घरात ठाऊक असते. घरातले उंबऱ्याबाहेर नेऊ नये, ही शिकवण मुलीला सासरी पाठविताना आजही दिली जाते. मग मदत मागणे हा दुबळेपणा समजावा की अप्रामाणिकपणाचा शेवट समजावा, हे ठरविणे सोपे राहत नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला समाज मदतीस धावून जात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणाच्या घरी मृत्यू झाला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारची मंडळी न सांगता पिठले-भाकरी आणून देतात. कोणती कोणाकडून यावयाची, हेही पुष्कळ गावांत ठरलेले असते. लग्न निघाले की मांडवासाठी माणसे येतात, पापड-कुरडयांसाठी बायका जमतात. बाळंतपण, आग, अपघात, पूर या सर्व प्रसंगी काय करावे, हे गावाला पाठ असते. या प्रसंगांत एक साम्य आहे. त्या प्रत्येकाला एक तारीख असते. ते घडतात आणि संपतात. तेराव्याचे जेवण झाले की मंडळी आपापल्या घरी जातात, आणि तसे जाणेच योग्य असते.

ज्या अडचणीला तारीख नाही, तिच्यासाठी मात्र आपल्याकडे रूढी नाही. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेला माणूस, पतीचे व्यसन, दर हंगामात थोडे वाढणारे कर्ज, मतिमंद मुलाचे वाढते वय, एकटेपण. या दुःखांत शेजाऱ्याने कोणत्या दिवशी पिठले-भाकरी न्यावयाची? 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण निष्ठुर वाटते, पण ती निष्ठुरपणातून आलेली नाही. कोणत्या दिवशी रडावे हे न कळल्यामुळे आलेली आहे. सभामंडपात बसलेल्या त्या गृहिणीचे शेजारी वाईट नसतात. आज तिच्या दारी जावयाचे काही निमित्त त्यांच्यापाशी नसते, एवढेच. आणि निमित्त तिने द्यावे, तर तिच्यापाशी शब्द नसतात.

आता आक्षेपाकडे वळावे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात मनुष्याने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, स्वतःला खचू देऊ नये, असा उपदेश आहे. मदत न मागण्याच्या बाजूने हा आधार पुष्कळदा पुढे केला जातो. परंतु तीच गीता कोठून सुरू होते, हे विसरले जाते. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. आपल्या काळातील श्रेष्ठ धनुर्धराचे हात थरथरतात, धनुष्य गळून पडते आणि तो रथात खाली बसतो. त्याने हे लपविले नाही. आपल्या शरीराला काय होत आहे ते त्याने मित्राला नीट वर्णन करून सांगितले, आणि दुसऱ्या अध्यायात आपणास काही सुचत नाही, तेव्हा मार्ग दाखवावा, अशी विनंती केली. पुढील सर्व उपदेश त्या विनंतीनंतरचा आहे. विषादालाही योग म्हटले आहे, याचा अर्थ विद्वान मंडळी आपापल्या परीने लावतात. येथे एवढेच म्हणता येईल की स्वतःच्या उद्धाराचा उपदेश ज्याला मिळाला, त्याने तो एकट्याने बसून मिळविला नव्हता.

संतपरंपरेतील एक प्रसंग याहून जवळचा आहे. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वर महाराज पर्णकुटीची ताटी लावून आत बसले, आणि धाकटी बहीण मुक्ताबाई दाराशी उभी राहून त्यांना बाहेर बोलावू लागली, अशी कथा आहे. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग त्या प्रसंगाचे मानले जातात आणि आजही घरोघरी म्हटले जातात. त्या अभंगांतील अर्थाची थोरवी सर्वांना ठाऊक आहे, पण प्रसंगातील साधी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आत बसलेल्याला ज्ञानाची वाण नव्हती. मुक्ताबाई जे सांगत होती, ते त्यांना आधीच ठाऊक असणार. उणीव होती ती कोणीतरी दाराबाहेर उभे राहण्याची. आणि ती उणीव गुरूंनी किंवा पंडितांनी भरून काढली नाही, वयाने सर्वांत लहान असलेल्या बहिणीने काढली. दार बाहेरून तोडले गेले नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते आतूनच उघडावयाचे होते.

जनाबाईंची कथा तर थेट ओट्यापाशी आणून सोडते. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच नामदेवांच्या घरी कामास राहिली. दळण, कांडण, पाणी, शेण-गोवऱ्या हे तिचे रोजचे जिणे होते. तिच्यासाठी विठ्ठल जात्याशी येऊन बसला, असे भाविक मानतात. देवाने तिचे दास्य एका क्षणात नाहीसे केले, अशी कथा लोकांनी रचली नाही, याचे नवल वाटावयास हवे. तो समोर बसला आणि खुंट्याला हात लावला. ज्यांनी जाते ओढले आहे, अशा वृद्ध स्त्रिया आजही सांगतात की दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे जाते हलके होते आणि ओवीही आपोआप सुचते. दळण तेवढेच राहते, पायलीचा शेर होत नाही. लोकमानसाने देवाच्या कृपेचे चित्र काढावयास घेतले तेव्हा त्याला शेजारणीचे रूप आठवले.

तरीही मागणारा अडखळतो, आणि त्याचे खरे कारण अभिमानाहून सूक्ष्म आहे. त्याला मिंधेपणाची भीती वाटते. ज्याचे आपण घेतले त्याच्यासमोर पुढे आयुष्यभर मान वर करून बोलता येणार नाही, ही ती भीती होय. ती निराधार आहे, असे म्हणवत नाही. उपकार करून ते वेळोवेळी आठवण करून देणारी माणसे प्रत्येक आळीत असतात.

शेतकरी समाजाने या भीतीवर फार पूर्वीच एक उपाय शोधला होता. महाराष्ट्राच्या अनेक भागांत सावडीने काम करण्याची रीत आहे. आज चार घरची माणसे एकाच्या शेतात, उद्या तीच माणसे दुसऱ्याच्या शेतात. मजुरी कोणी कोणास द्यावयाची नाही. एखाद्याचे बैल दगावले किंवा घरात आजारपण आल्याने नांगरट मागे पडली, तर गाव इर्जिक घालीत असे. सर्वजण आपापली बैलजोडी व औते घेऊन येत, एका दिवसात त्याचे रान नांगरून देत आणि ज्याचे रान, त्याने सर्वांना जेवू घालावयाचे. या जेवणात मोठे शहाणपण होते. मदत घेणारा त्या दिवशी यजमान असे. त्याच्या घरी पंगत बसे, तो आग्रह करकरून वाढत असे. मदत घेऊनही त्याची मान खाली जाऊ नये, याची काळजी त्या रीतीतच घेतलेली होती. ट्रॅक्टर आले तशी इर्जिक मागे पडली. ट्रॅक्टर आल्याचे दुःख करण्याचे कारण नाही, पण त्या पंगतीच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही.

सावडीचा हिशोब मात्र ज्याला परत फेडता येते, त्याच्याच उपयोगाचा. ज्या बाईला स्वतःच्या घरातून तासभर निघता येत नाही, ती कोणाच्या घरी पापड लाटावयास जाणार? आजारी माणूस कोणाचे रान नांगरणार? येथे धर्मशास्त्रातील ऋणाची कल्पना उपयोगी पडते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांच्या परिचयाची आहेत. शतपथ ब्राह्मणात यांच्या जोडीस चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे. माणूस जन्मतो तोच इतर माणसांचा ऋणी म्हणून जन्मतो, असा त्याचा भाव. या दृष्टीने पाहिले तर, आजवर आपण कोणाचे काही घेतले नाही, हा अभिमानच चुकीच्या हिशोबावर उभा आहे. नाळ कापणाऱ्या सुईणीपासून तो घेतच आलेला असतो. जो आधीच ऋणी आहे, तो आणखी दोन तास शेजारणीला घरी बसवून घेतल्याने नव्याने मिंधा होत नाही. आणि हे ऋण ज्याचे त्यालाच फेडावे लागते, असेही नाही. पितृऋण आपण वडिलांना परत देऊन फेडीत नाही. ते पुढच्या पिढीकडे जाते.

हीच गोष्ट गावोगावच्या हरिनाम सप्ताहात डोळ्यांनी पाहावयास मिळते. अखंड सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवावयाची नसते. देवळाच्या भिंतीवर पहाऱ्यांची यादी लागते. कोणी सकाळी, कोणी दुपारी, कोणी रात्री, ठरलेला वेळ वीणा गळ्यात घेऊन उभे राहावयाचे आणि वेळ झाली की पुढच्याच्या स्वाधीन करावयाची. देणारा व घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. ज्याने वीणा उतरविली, तो थकला म्हणून कोणी त्यास हिणवीत नाही. सात दिवस व सात रात्री एकट्याने वीणा घेण्याचा हट्ट कोणी धरलाच, तर त्याच्या भक्तीचे कौतुक होण्याऐवजी जाणती मंडळी त्याला बाजूस घेऊन समजावतील. मग घरातील आजारी माणसाचा पहारा वर्षानुवर्षे एकटी सून देते, तेव्हा तिचे कौतुक होते, ते का? 'किती करते हो!' एवढे म्हणून मंडळी पुढे जातात. हे कौतुक कित्येकदा यादीत आपले नाव लिहिण्याचे टाळण्याचा सभ्य मार्ग असते.

शहरांत हे शक्य नाही, असे पुष्कळांना वाटते. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास तसे सांगत नाही. कोकणातून व घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत. गावच्या मंडळाची खोली असे आणि गावाहून नवा आलेला तरुण प्रथम तेथेच उतरे. त्यांच्या जेवणाची सोय खानावळ चालविणाऱ्या बायका करीत. त्या स्वतः सावकाराच्या व्याजाने गांजलेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, आणि एकेकटीला दारात उभे न करणाऱ्या बँकेकडून गटाने कर्ज मिळविले. दररोज शेकडोंना वाढणाऱ्या हातांना स्वतःसाठी कोणाकडे जावे हे ठाऊक नव्हते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि ते गिरणगाव उरले नाही. तरी त्या मंडळांपैकी काही अजून गणपतीला व गावच्या जत्रेला एकत्र येतात.

आज खेड्यापाड्यांत सर्वांत जवळचा गट म्हणजे महिलांचा बचत गट. साधारण दहा ते वीस स्त्रिया, दरमहा ठरलेली रक्कम आणि वहीत लिहिलेला हिशोब. १९९२ पासून नाबार्डच्या पुढाकाराने असे गट बँकांशी जोडले जाऊ लागले. कागदोपत्री तो पैशाचा व्यवहार आहे. प्रत्यक्षात महिन्यातून एकदा एखादी स्त्री घरातून निघून इतर स्त्रियांमध्ये बसते आणि तिला कोठे जातेस म्हणून कोणी विचारीत नाही, हे त्याचे दुसरे मोल आहे. हप्ता थकला की बाकीच्या जणी चौकशी करतात. चौकशीत कधी रागही असतो, हे खरे, पण त्या निमित्ताने घरातील आजारपण कळते. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, सकाळी फिरावयास जाणाऱ्यांचा कट्टा यांचेही असेच आहे. त्यांची स्थापना कोणाचे दुःख हलके करण्यासाठी झालेली नसते. तरीही तेथे रोज येणारा माणूस दोन दिवस आला नाही तर कोणाच्या तरी लक्षात येते. लक्षात येणे, एवढ्यापासूनच आधाराची सुरुवात होते.

मात्र समाजाचे गोडवे गाताना सत्य झाकू नये. गाव सर्वांचे पहारे वाटून घेत होते, तेव्हाही ते सर्वांना आपल्यात धरीत नव्हते. मंगळवेढ्यास वेशीच्या बांधकामावर राबताना भिंतीखाली सापडलेल्या संत चोखामेळ्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्या बांधवांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. ज्या पंगतीत काहींना बसू दिले जात नव्हते, त्या पंगतीची आठवण सर्वांना सारखीच गोड कशी असेल? आजही विधवा, घटस्फोटित, व्यसनी माणसाची पत्नी, मानसिक आजार असलेल्याचे कुटुंब यांना समाज प्रथम नजरेने प्रश्न विचारतो आणि नंतर मदतीचे बोलतो. नंतरचे बोलणे ऐकावयास ते थांबत नाहीत, यात त्यांचा दोष नाही.

आणि काही दुःखे शेजाऱ्याच्या आवाक्यातील नसतात. घरात मारहाण होत असेल, तर 'थोडे सोसावे' असा सल्ला देणारी आळी आधार देत नाही, ती मारणाऱ्याचा हात बळकट करते. अशा वेळी कायदा व पोलीस यांची मदत घ्यावी. ११२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये संमत झाला असून त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, जगणे नको वाटते आहे, असे कोणी म्हणू लागले तर त्यास केवळ पारायण करण्यास किंवा उपास धरण्यास सांगू नये. पारायण अवश्य करावे, पण डॉक्टरांना दाखवावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य व मराठीतून बोलता येते. गावातील आशाताईंना जवळचे आरोग्य केंद्र, तेथील वार व वेळ ठाऊक असते. व्यसनाबाबत, पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने हे दाखवून दिले आहे की व्यसनमुक्त झालेला माणूसच नव्या रुग्णाशी सर्वांत सोप्या भाषेत बोलू शकतो. ज्याने तोच पहारा दिला आहे, त्याला वीणेचे वजन सांगावे लागत नाही.

मग त्या गृहिणीने प्रथम काय करावे? 'मला मदत करा' हे वाक्य उच्चारणे तिला शक्य होणार नाही, आणि ऐकणाऱ्यालाही त्याचे काय करावे ते कळणार नाही. मोठ्या विनंतीपुढे माणसे घाबरतात. लहान, नेमक्या आणि संपणाऱ्या विनंतीला बहुधा नकार मिळत नाही. समोरच्या काकूंना, "काकू, मंगळवारी अकरा ते एक आमच्या सासूबाईंजवळ बसाल का? मला बँकेत जायचे आहे," एवढे म्हणता येते. यात तारीख आहे, वेळ आहे आणि शेवटही आहे. जे दुःख तारखेविना होते, त्याला तिने एका मंगळवारापुरती तारीख दिली. काकू येतील, सासूबाई त्यांना एकच प्रश्न दहा वेळा विचारतील, आणि एक वाजेपर्यंत त्या घरात काय चालते हे काकूंना प्रथमच नीट कळेल. पुष्कळदा दुसऱ्या मंगळवारी विचारावेही लागत नाही. आणि कधी काकू येतही नाहीत, ही शक्यताही धरून चालावे. त्यांच्या स्वतःच्या घरातही एखादा पहारा चालू असेल. तेव्हा दुसऱ्या दाराशी जावे. एका नकारावरून साऱ्या आळीची परीक्षा करू नये.

सासूबाईंना कसे वाटेल, हा प्रश्न या साऱ्यात राहून जातो. आपल्यावरून घरात ओढाताण होते हे वृद्धांना, स्मृती विरत असतानाही, पुष्कळदा जाणवते. परक्या बाईला पाहून त्या बावरतील, रागावतील. पहिल्या दिवशी सुनेने घरातच थांबावे आणि तिघींनी मिळून चहा घ्यावा, हे बरे.

देणगीदार भाविकांच्या विचारासाठीही येथे थोडे लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे गुप्तदानाला मोठी प्रतिष्ठा आहे. देणाऱ्याचे नाव कळू नये यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात. घेणाऱ्याचे नाव कळू नये, यासाठी मात्र तेवढी काळजी घेतली जात नाही. वह्या, साड्या, धान्य यांचे वाटप मंडप घालून होते, छायाचित्रे निघतात, आणि घेणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहावयाचे असते. दात्याचा हेतू शुद्धच असतो. तरीही ज्या मुलाला त्या वह्या मिळाल्या, त्याचे छायाचित्र त्याच्या वर्गमित्रांनी पाहिले तर त्या वह्या त्याला किती जड होतील, याचा विचार व्हावा. इर्जिकीच्या दिवशी यजमान होणारा शेतकरी येथे आठवावा. देणगी देवस्थानास द्यावी, ती अन्नछत्रास व भक्तनिवासास उपयोगी पडते. परंतु देवस्थानास पावती देता येते अशाच गोष्टी देवस्थान स्वीकारू शकते. शेजारच्या घरी मंगळवारचे दोन तास बसल्याची पावती कोणत्याही पुस्तकात फाडता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते देणे मागे राहते.

दूरवरून येणाऱ्या भाविकांना असेही वाटेल की आपण येथे चार घटका आलो, येथल्या कोणाचा आपल्याला काय आधार होणार? पण प्रत्येक भाविक कोठल्या तरी आळीतून आलेला असतो आणि परत तेथेच जावयाचा असतो. तेथील देवळातही सभामंडप आहे आणि तेथेही खांबाला टेकून कोणी बसलेले असते. त्याच्या शेजारी जाऊन बसावे, लगेच काही विचारू नये. काय झाले म्हणून पहिल्याच भेटीत विचारणाऱ्याला बहुधा 'काही नाही' असेच उत्तर मिळते.

सप्ताहाची यादी भिंतीवर लागते तेव्हा संध्याकाळचे पहारे प्रथम भरतात, कारण त्या वेळी कीर्तनासाठी गर्दी असते. सकाळच्या पहाऱ्यांसमोर निवृत्त मंडळींची नावे येतात. दुपारी बायका असतात. पहाटे दोन ते चार ही ओळ शेवटपर्यंत कोरी दिसते. सप्ताह बसण्याच्या आदल्या रात्री भजनाहून परतताना कोणीतरी तेथे थांबते, खिशातून पेन काढते आणि आपले नाव लिहून जाते.